विज्ञानकथा आणि फँटसीचे चाहते सध्या काय वाचतायत? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

वाचनगटात कोणी नवीन आलं की हेच प्रश्न येतात, म्हणून उत्तरं एकदाची लिहून काढली आहेत. आवडीनिवडी माझ्या आहेत. जी पुस्तकं मनापासून आवडली त्यांच्याबद्दल जास्त लिहिलंय, बाकीच्यांबद्दल थोडक्यात.

सध्या चाहत्यांच्या हातात नेमकं काय दिसतंय?

इंग्रजीत वाचणाऱ्यांकडे गेलात तर गेल्या वर्ष-दीड वर्षात रॉबर्ट जॅक्सन बेनेटचं 'द टेंटेड कप' फार फिरतंय. विज्ञानकथा-फँटसीतला मानाचा ह्यूगो पुरस्कार, २०२५ चा सर्वोत्तम कादंबरीचा, याला मिळाला. वरवर पाहता ही खुनाची कथा आहे. एका श्रीमंत घराण्याच्या वाड्यात एक अधिकारी मरून पडलाय आणि त्याच्या शरीरातून चक्क एक झाड उगवून छत फोडून वर गेलंय. तपास करणारी बाई डोळ्यांवर पट्टी बांधून बसते आणि तिचा तरुण मदतनीस जे पाहील ते जसंच्या तसं लक्षात ठेवतो. पावसाळा आला की समुद्रातून प्रचंड प्राणी किनाऱ्याकडे येतात आणि सगळं साम्राज्य तटबंदी सांभाळण्यात गुंततं. तटबंदीचं काम, त्यातला भ्रष्टाचार, अभियंत्यांची धावपळ हे सगळं इतकं ओळखीचं वाटतं की, दर जूनमध्ये बंधारे आणि नाल्यांच्या बातम्या वाचणाऱ्या माणसाला हे जग परकं वाटणारच नाही.

दुसरं नाव मॅट डिनिमनच्या 'डंजन क्रॉलर कार्ल'चं. २०२० मध्ये लेखकाने स्वतःच प्रकाशित केलेली ही मालिका तोंडी शिफारशीवर वाढली आणि मग मोठ्या प्रकाशकाने उचलली. पृथ्वीवरच्या सगळ्या इमारती एका क्षणात जमीनदोस्त होतात. उरलेल्या माणसांना भुयारात उतरून जिवावरचा खेळ खेळावा लागतो आणि परग्रहवासी तो खेळ टीव्हीवर बघतात. नायकाच्या सोबतीला एक मांजर आहे आणि तिचा तोरा मोठा आहे. व्हिडिओ गेम खेळणारी, एरवी पुस्तकाला हात न लावणारी मुलं याचे खंडच्या खंड संपवताना मी पाहिली आहेत.

अँडी वीअरचं 'प्रोजेक्ट हेल मेरी' २०२१ चं. पण २०२५ मध्ये सिनेमाचा ट्रेलर आला आणि ते पुन्हा सगळ्यांच्या पिशवीत दिसायला लागलं. मार्था वेल्सच्या 'मर्डरबॉट'चंही टीव्ही मालिका आल्यावर तसंच झालं. ब्रँडन सँडरसनचे वाचक तर कायमच कुठला ना कुठला हजार पानांचा ठोकळा वाचत असतात. २०२२ मध्ये त्याने चार कादंबऱ्यांसाठी वाचकांकडे थेट पैसे मागितले आणि ४ कोटी १७ लाख डॉलर जमले. प्रकाशन व्यवसायाला हा मोठा धक्का होता.

'रोमँटसी'ची, म्हणजे प्रेमकथा असलेल्या फँटसीची, एवढी चर्चा का? ती खरी फँटसी आहे का?

आहे. ड्रॅगन आहेत, जादू आहे, युद्ध आहे आणि मध्यभागी प्रेमकथा आहे. रिबेका यारोसचं 'फोर्थ विंग' २०२३ मध्ये आलं. ड्रॅगनस्वार तयार करणाऱ्या युद्धमहाविद्यालयात एक नाजूक हाडांची मुलगी दाखल होते. तिथे नापास होणं म्हणजे बहुधा मरणंच. मालिकेचं तिसरं पुस्तक जानेवारी २०२५ मध्ये आलं तेव्हा परदेशात दुकानांपुढे मध्यरात्री रांगा लागल्या.

या पुस्तकांकडे नाक मुरडणारे जुने चाहते भेटतात. मला ते पटत नाही. ज्या मुलींना वर्षानुवर्षं फँटसी म्हणजे मुलग्यांचं खाद्य असं ऐकवलं गेलं, त्या आज या प्रकाराचा सगळ्यात मोठा वाचकवर्ग आहेत. त्यातल्या अनेक जणी पुढे अर्सुला ले ग्विन आणि सुझाना क्लार्क यांच्यासारख्या नावाजलेल्या लेखिकांपर्यंत पोचतात. एक मात्र सांगून ठेवायला हवं. यातली बरीच पुस्तकं प्रौढांसाठी आहेत. मुखपृष्ठावर ड्रॅगन दिसला म्हणून सातवीतल्या भाचीला भेट देऊ नका.

मी मराठीच वाचतो. माझ्यासाठी यात काय आहे?

भरपूर आहे. सुरुवात जयंत नारळीकरांपासून करा. २० मे २०२५ ला ते गेले आणि त्यानंतर कितीतरी घरांत कपाटांतून 'यक्षांची देणगी' पुन्हा बाहेर आलं. चाहते सध्या काय वाचतायत याचं मराठीपुरतं प्रामाणिक उत्तर द्यायचं तर नारळीकर पुन्हा वाचले जातायत. आणि त्यांना नव्याने भेटणाऱ्यांत विशी-पंचविशीतली मुलं जास्त आहेत.

एक कथा जरा जवळून बघू. 'गंगाधरपंतांचे पानिपत'. इतिहासाचे प्राध्यापक गंगाधरपंत गायतोंडे पुण्याहून मुंबईला निघतात आणि त्यांच्या लक्षात येतं की हा हिंदुस्थान आपला नाही. इथे ईस्ट इंडिया कंपनी अजून नांदतेय. ते इतिहासकार, म्हणून भांबावले तरी पहिल्यांदा जातात ग्रंथालयात. एकेक ग्रंथ उलटा चाळत ते वळणाची जागा शोधतात आणि ती सापडते पानिपतात. त्यांच्या जगात विश्वासरावांना लागलेली गोळी या जगात कानाजवळून निघून गेली. मराठे जिंकले आणि पुढचं सगळं बदललं. समांतर विश्वं, पुंजयांत्रिकीतली (क्वांटम मेकॅनिक्समधली) अनिश्चितता या अवघड गोष्टी नारळीकरांनी कुठल्या प्रयोगशाळेत न नेता मराठी मनाच्या सगळ्यात जुन्या जखमेवर नेऊन ठेवल्या. पानिपत जिंकलं असतं तर, हा विचार ज्याच्या मनात कधीच आला नाही असा मराठी माणूस मिळणं कठीण. ही कथा इंग्रजीत अकरावीच्या एनसीईआरटीच्या पुस्तकात आहे. त्यामुळे देशभरातली मुलं ती अभ्यासतात. आपण मात्र ती मराठीतच वाचावी, कारण गंगाधरपंतांचं बोलणं मराठीत कानाला जास्त खरं लागतं.

'उजव्या सोंडेचा गणपती'सुद्धा सोडू नका. उजव्या हाताने गोलंदाजी करणारा खेळाडू अचानक डावखुरा होऊन इंग्लंडच्या फलंदाजांची दाणादाण उडवतो, आणि त्याच्यामागे भूमितीतली मोबियस पट्टी, म्हणजे एक पीळ देऊन टोकं जोडलेली पट्टी, निघते. क्रिकेट, गणपती आणि गणित एका कथेत कसं बसलं हे वाचूनच बघा.

नारळीकर वाचून झाले. पुढे कोण?

लक्ष्मण लोंढे. त्यांची 'दुसरा आइनस्टाइन' ही कथा इंग्रजीत जाऊन जेम्स गन यांनी संपादित केलेल्या जगभरातल्या विज्ञानकथांच्या संग्रहात आली. लोंढ्यांच्या कथेत विज्ञानापेक्षा माणसाची अडचण आधी दिसते, म्हणून विज्ञानाला बिचकणाऱ्यांना मी तेच सुचवतो.

सुबोध जावडेकर पेशाने केमिकल इंजिनियर. 'गुगली', 'वामनाचं चौथं पाऊल' हे त्यांचे संग्रह. मेंदू, स्मृती, संगणक आणि माणसाचा स्वभाव यांच्या सीमारेषेवर ते रमतात. बाळ फोंडके मूळचे जीवशास्त्रज्ञ, त्यामुळे त्यांच्या कथांत वैद्यक आणि गुन्हेशास्त्र येतं. भारतीय भाषांतल्या विज्ञानकथांचा 'इट हॅपन्ड टुमॉरो' हा इंग्रजी संग्रहही त्यांनीच संपादित केला. बंगाली, तमिळ विज्ञानकथेशी ओळख करून घ्यायची असेल तर हे पुस्तक उपयोगी पडतं. निरंजन घाटे यांनी तर इतकं लिहिलंय की कुठूनही सुरुवात केली तरी चालेल. शुभदा गोगटे यांची 'यंत्रायणी' आणि अरुण साधूंची 'विप्लवा' या दोन कादंबऱ्या आज जितक्या वाचल्या जायला हव्यात तितक्या वाचल्या जात नाहीत. साधू म्हटलं की लोकांना 'सिंहासन' आठवतं. राजकारण आतून ओळखणारा लेखक विज्ञानकथेकडे वळतो तेव्हा काय होतं, एवढ्यासाठी तरी 'विप्लवा' मिळवा.

नारायण धारपांना यात धरायचं का? ते तर भुताखेतांचे लेखक ना?

धारपांना नुसते भयकथाकार म्हणणाऱ्यांनी 'नेनचिम' आणि 'गोग्रॅमचा चितार' वाचलेले नसतात. पहिली विज्ञानकथा आहे आणि दुसरी मराठीत क्वचितच सापडेल अशी, स्वतःचं वेगळं जग उभं करणारी फँटसी. धारप रसायनशास्त्राचे पदवीधर होते आणि त्यांच्या भयकथांमध्येही एक शिस्त असते. अमानवी शक्तीलाही नियम आहेत, ते नियम ओळखले तर तिच्याशी लढता येतं. 'समर्थ' मालिकेचा सगळा पाया हाच आहे. आज इंग्रजीत जिला जादूची काटेकोर पद्धत म्हणून वाखाणतात, तिची चव धारपांच्या वाचकांना कधीच लागलेली होती.

त्यांच्या काही कथा-कादंबऱ्यांची बीजं परदेशी आहेत. 'लुचाई' वाचताना स्टीफन किंगचे वाचक लगेच ओळखतील. पण वाडा, ओसरी, गावातली कुजबुज, तिन्हीसांजेचा उंबरठा हे सगळं धारपांचं स्वतःचं आहे. २०१८ च्या 'तुंबाड' चित्रपटाच्या मुळाशीही दिग्दर्शक राही अनिल बर्वे यांनी मित्राच्या तोंडून ऐकलेली धारपांची कथा आहे. चित्रपट २०२४ मध्ये पुन्हा प्रदर्शित झाला आणि नव्या पिढीने विचारायला सुरुवात केली, हे धारप कोण? त्यांच्या पुस्तकांच्या नव्या आवृत्त्या आता सहज मिळतात.

धारपांनंतर रत्नाकर मतकरींच्या गूढकथा वाचा आणि त्यानंतर हृषीकेश गुप्ते. गुप्त्यांची 'दंशकाल' ही कादंबरी कुठल्याच एका खणात बसत नाही. मला आजच्या मराठी लेखकांपैकी त्यांच्याकडून सर्वाधिक अपेक्षा आहेत.

मराठीत मोठी फँटसी का नाही?

या प्रश्नाने मला खरंच टोचणी लागते. अद्भुताचं आपल्याला वावडं नव्हतं. नाथमाधवांची 'वीरधवल' आजी-आजोबांनी रात्र जागून वाचली. १९५२ पासून 'चांदोबा' मराठीत येऊ लागला आणि राजकुमार, राक्षस, विक्रम-वेताळ घराघरांत पोचले. जी. ए. कुलकर्णी यांच्या 'रमलखुणा'मधल्या 'प्रवासी' आणि 'इस्किलार' या दीर्घकथा तर जगातल्या कुठल्याही उत्तम फँटसीशेजारी ठेवाव्यात अशा आहेत. अनोळखी प्रदेश, शाप, नियती, भव्य आणि क्रूर शहरं, सगळं आहे. फक्त कुणी त्यांना फँटसी म्हणून वाचायला दिलं नाही.

मग मधे काय झालं? माझं मत असं की आपल्याकडे अद्भुत म्हणजे बालसाहित्य, ही समजूत फार घट्ट बसली. मोठ्यांसाठी गंभीर म्हणजे वास्तववादी आणि रंजक म्हणजे रहस्य किंवा ऐतिहासिक. भव्य कल्पनेची भूक ऐतिहासिक आणि पौराणिक कादंबऱ्यांनी भागवली. आजही मराठी दुकानात फँटसी मागितलीत तर पौराणिक पात्रांवरची कादंबरीच पुढे केली जाते. अमीश यांची 'मेलुहाचे मृत्युंजय'ही तशीच हातोहात गेली. ती आवडली असेल तर चांगलंच आहे, पण स्वतःचा नकाशा, स्वतःचे देव आणि स्वतःचा इतिहास असलेली चार-पाच खंडांची मराठी मालिका वाचायची माझी हौस अजून फिटायची आहे.

गाजलेली इंग्रजी पुस्तकं मराठीत मिळतात का?

काही मिळतात. टॉल्किनचं 'हॉबिट' मीना किणीकरांनी मराठीत आणलं आणि 'लॉर्ड ऑफ द रिंग्ज' मुग्धा कर्णिकांनी 'स्वामी मुद्रिकांचा' या नावाने. दोन्ही पुण्याच्या डायमंड पब्लिकेशन्सची. एवढं मोठं काम मराठीत उभं राहिलंय हे कित्येक टॉल्किनप्रेमी मराठी माणसांना माहीतही नाही. हॅरी पॉटरही मराठीत मिळतो, त्यातले बहुतेक भाग मंजूषा आमडेकरांच्या भाषांतरात.

ताज्या पुस्तकांच्या बाबतीत मात्र हात रिकामेच आहेत. लिऊ त्सिशिनच्या 'थ्री बॉडी प्रॉब्लेम'सारखी कादंबरी मराठीत यावी असं मला फार वाटतं. चीनमधल्या सांस्कृतिक क्रांतीच्या धामधुमीत भौतिकशास्त्राच्या एका प्राध्यापकाला जमावासमोर त्याच्या मुलीदेखत मारून टाकतात, आणि त्या मुलीचा माणसांवरून उडालेला विश्वास पुढे सगळ्या पृथ्वीला महागात पडतो. २०१५ मध्ये ह्यूगो मिळवणारी ही पहिली भाषांतरित कादंबरी. चिनी विज्ञानकथा जगात पोचली ती केन लिऊसारख्या भाषांतरकारांमुळे. लोंढे-जावडेकरांच्या वाट्याला असा माणूस आला असता तर चित्र वेगळं असतं.

इंग्रजी वाचता येतं, पण ठोकळे बघून धीर होत नाही. कुठून सुरुवात करू?

लहान पुस्तकांपासून. 'मर्डरबॉट' मालिकेतलं पहिलं 'ऑल सिस्टिम्स रेड' दीडशेच्या आसपास पानांचं आहे. स्वतःवरचं नियंत्रण मोडून टाकलेला सुरक्षा-रोबो, ज्याला माणसं नकोशी वाटतात आणि फावल्या वेळात मालिका बघत बसायचं असतं. भाषा सोपी, वेग चांगला. बेकी चेंबर्सचं 'अ साम फॉर द वाइल्ड-बिल्ट' त्याहून शांत. एक चहा पाजणारा भिक्षू आणि एक रोबो जंगलातून चालतात आणि माणसाला नेमकं काय हवं असतं यावर बोलतात. दमून आल्यावर वाचायला उत्तम.

कथा आवडत असतील तर टेड चँग. तो फार थोडं लिहितो, पण एकेक कथा आठवडाभर डोक्यात राहते. फँटसीत ले ग्विनचं 'अ विझर्ड ऑफ अर्थसी', १९६८ चं आणि आजही टवटवीत. सुझाना क्लार्कचं 'पिरानेसी' मला स्वतःला अतिशय प्रिय आहे. संपत न येणारी दालनं, हजारो पुतळे, खालच्या मजल्यांवर भरती-ओहोटीचं पाणी आणि तिथे जवळजवळ एकटाच राहणारा, सगळ्याची नीट नोंद ठेवणारा एक सज्जन माणूस. त्याबद्दल आधी काहीही वाचू नका.

पैसे खर्च करायचे नसतील तर 'क्लार्क्सवर्ल्ड', 'स्ट्रेंज होरायझन्स', 'लाइटस्पीड' ही नियतकालिकं नेटवर फुकट कथा देतात. रोज लोकलने जाणाऱ्याला एका प्रवासात एक कथा सहज होते.

भारतीय लेखकांपैकी सध्या कोण वाचलं जातंय?

वंदना सिंग सगळ्यात आधी. त्या भौतिकशास्त्रज्ञ आहेत, अमेरिकेत राहतात, पण त्यांच्या कथा दिल्लीच्या गल्ल्यांतून आणि मध्यमवर्गीय स्वयंपाकघरांतून सुरू होतात. 'द वुमन हू थॉट शी वॉज अ प्लॅनेट'मध्ये एका निवृत्त सरकारी अधिकाऱ्याची बायको एके दिवशी जाहीर करते की मी ग्रह आहे. आणि नवऱ्याला चिंता कसली, तर लोक काय म्हणतील याची.

लावण्या लक्ष्मीनारायण यांची 'अ‍ॅनालॉग/व्हर्च्युअल' उद्याच्या बंगळुरूत घडते. तिथे माणसाची किंमत त्याच्या उत्पादकतेवर ठरते आणि तळाच्या दहा टक्क्यांना शहराबाहेर हाकललं जातं. आयटीत नोकरी करणाऱ्यांना वाचताना धडकी भरते, कारण दरवर्षीच्या अप्रेझलमध्ये हेच थोड्या सौम्य भाषेत चालतं. गौतम भाटिया हे राज्यघटनेचे अभ्यासक वकील. 'द वॉल'मध्ये त्यांनी भिंतीने वेढलेलं एक शहर उभं केलंय आणि पलीकडे काय आहे असं विचारणंच तिथे बंड ठरतं. इंद्र दास यांचं 'द डिव्हाउरर्स' कोलकात्यापासून मुघलकाळापर्यंत जातं. ते काळजाचं घट्ट असणाऱ्यांनीच वाचावं. ब्रिटनमधल्या ताशा सुरी यांच्या 'द जॅस्मिन थ्रोन'ला २०२२ चा वर्ल्ड फँटसी पुरस्कार मिळाला. शेजारच्या श्रीलंकेतले वज्र चंद्रसेकरा यांचं 'द सेंट ऑफ ब्राइट डोअर्स' तर नेब्युला पुरस्कार मिळवून आलं. धर्म, जमावाचा हिंसाचार, सरकारी कागदपत्रांचा चक्रव्यूह या गोष्टी दक्षिण आशियातल्या वाचकाला समजावून सांगाव्या लागत नाहीत, म्हणून ते आपल्याला जास्त भिडतं.

पुरस्कार बघून पुस्तक निवडावं का?

पुरस्कार कोण देतं ते कळलं की उपयोग होतो. ह्यूगो १९५३ पासून आहे आणि तो चाहते देतात. जागतिक विज्ञानकथा संमेलनाचं सभासदत्व घेतलेला कोणीही मत देऊ शकतो, अगदी सांगलीत बसूनही. नेब्युला व्यावसायिक लेखकांच्या संघटनेचे सभासद देतात. आर्थर सी. क्लार्क पुरस्कार परीक्षकांचं मंडळ ठरवतं. म्हणून ह्यूगोत लोकांचं प्रेम दिसतं, नेब्युलात लेखकांची दाद आणि क्लार्कच्या यादीत अनपेक्षित नावं.

ह्यूगोची अब्रू २०२३ मध्ये चांगलीच गेली. चीनमधल्या चेंगदूला संमेलन झालं आणि नंतर मतांचे आकडे बाहेर आले तेव्हा आर. एफ. क्वांगचं 'बेबल' कारण न देता अपात्र ठरवल्याचं कळलं. पुढे बाहेर आलेल्या ईमेलमधून दिसलं की व्यवस्थापकांनी लेखकांच्या चीनविषयक मतांची टिपणं काढली होती. चाहत्यांनी यावर जो गदारोळ केला तो मला आश्वासक वाटला. ज्या पुरस्कारासाठी लोक इतके भांडतात, तो अजून त्यांचा आहे. 'बेबल' मात्र जरूर वाचा. एकोणिसाव्या शतकातलं ऑक्सफर्ड, दोन भाषांमध्ये निसटून गेलेल्या अर्थावर चालणारी चांदीची जादू आणि त्या जादूवर उभं असलेलं साम्राज्य. ज्यांच्या भाषा वापरल्या जातात ती मुलं वसाहतींतून आणलेली. दोन-तीन भाषांत जगणाऱ्या कुणालाही हे पुस्तक स्वतःबद्दलचं वाटेल.

अर्धवट राहिलेली मालिका सुरू करावी का?

करा. 'गेम ऑफ थ्रोन्स'वाल्या जॉर्ज मार्टिनच्या मालिकेचा पाचवा खंड २०११ मध्ये आला आणि वाचक अजून सहाव्याची वाट बघतायत, पण झालेले पाच खंड वाचण्यातला आनंद त्याने कमी होत नाही. शेवट हवाच असेल तर 'व्हील ऑफ टाइम' घ्या. चौदा खंड, मूळ लेखक रॉबर्ट जॉर्डन २००७ मध्ये गेला आणि सँडरसनने त्याच्या टिपणांवरून २०१३ मध्ये मालिका पूर्ण केली.

आयझॅक आसिमोव्ह, आर्थर सी. क्लार्क, 'ड्यून' हे जुनं गाजलेलं आधी वाचायलाच हवं का?

अजिबात नाही. आवडलेल्या नव्या पुस्तकावरून मागे जा. सिनेमा बघून 'ड्यून' घेतलंत तर पहिली शंभर पानं चिकाटी ठेवा, नंतर वाळू पायाला लागते.

विज्ञान फारसं कळत नाही. चालेल का?

चालेल. अवघड परिच्छेद आला तर पुढे सरका, बहुतेक वेळा पात्रांच्या वागण्यावरून अर्थ लागतो.

हवामानबदलावर काही चांगलं आहे का?

किम स्टॅन्ली रॉबिन्सनचं 'द मिनिस्ट्री फॉर द फ्यूचर', २०२०. पहिलं प्रकरण उत्तर प्रदेशातल्या एका गावात घडतं. उष्णतेची लाट, दमट हवा, वीज गेलेली, माणसं जिवाच्या आकांताने तळ्यात उतरतात तर तळ्याचं पाणीही कढत. घाम वाळेनासा झाला की शरीर थंड होऊच शकत नाही, हे एरवी आकड्यांतून कळणारं सत्य तिथे अंगावर येतं. चंद्रपूर-नागपूरचा मे महिना अनुभवलेल्याने ते प्रकरण वाचावं. पुढचं पुस्तक विस्कळीत आहे, बँका, हिमनद्या, कायदे अशी बरीच वळणं घेतं, काही प्रकरणं कंटाळवाणीही आहेत. तरी मी ते सगळ्यांना देतो, कारण माणसं काहीतरी करतात आणि त्याने फरक पडतो, हे दाखवायचं धाडस फार थोडे लेखक करतात.

मुलांना काय द्यावं?

भा. रा. भागवत. ज्यूल व्हर्न मराठी मुलांच्या घरात आणला तो त्यांनी. फास्टर फेणेसोबत त्यांची रूपांतरंही शोधा. नारळीकरांचं 'अंतराळातील भस्मासुर' आठवी-नववीला उत्तम. परदेशात वाढणारी मराठी मुलं वाचायला कंटाळत असतील तर मराठी ऑडिओबुकचा चांगला उपयोग होतो. गोष्ट कानावर पडत राहते आणि भाषाही.

जुनी मराठी पुस्तकं दुकानात मिळत नाहीत. काय करावं?

आधी जवळचं वाचनालय. तालुक्याच्या ठिकाणच्या जुन्या वाचनालयांत सत्तर-ऐंशीच्या दशकांतल्या विज्ञानकथा अजून मागच्या कपाटांत आहेत. ग्रंथपालांना लेखकाचं नाव सांगा, कारण विज्ञानकथेचं वेगळं कपाट सहसा नसतं. पुण्यात अप्पा बळवंत चौकाच्या परिसरात, मुंबईत फोर्टातल्या पदपथांवर नशीब आजमावता येतं. नेटवर बुकगंगा आहेच.

आणि जुने दिवाळी अंक विसरू नका. 'नवल' आणि 'धनंजय' यांनी गूढ, अद्भुत आणि विज्ञानकथा वर्षानुवर्षं छापल्या. यातल्या कितीतरी कथा पुस्तकात कधी आल्याच नाहीत. रद्दीच्या दुकानात असा अंक दिसला तर अनुक्रमणिका बघितल्याशिवाय पुढे जाऊ नका.

वाचून वाचून आता स्वतः लिहावंसं वाटतंय. कुठे पाठवू?

मराठी विज्ञान परिषद विज्ञानकथा स्पर्धा घेते. १९६६ मध्ये स्थापन झालेल्या या संस्थेच्या याच स्पर्धेतून आपल्याला नारळीकर मिळाले. १९७४ मध्ये त्यांनी 'कृष्णविवर' ही कथा पाठवली, पण स्वतःच्या नावाने नाही. परीक्षकांवर नावाचं दडपण नको म्हणून आद्याक्षरं उलटी करून नारायण विनायक जगताप असं नाव घेतलं. अक्षर ओळखलं जाऊ नये म्हणून कथा पत्नी मंगला नारळीकरांकडून लिहून घेतली. पहिलं बक्षीस मिळालं. पुढच्याच वर्षी कराडच्या साहित्य संमेलनात दुर्गा भागवतांनी अध्यक्षीय भाषणात या नव्या कथाप्रकाराची दखल घेतली. मराठी विज्ञानकथेला साहित्याच्या मुख्य पंगतीत पान मिळालं ते तेव्हा.

स्पर्धेचे नियम आणि मुदत दर वर्षी परिषदेकडून तपासून घ्या. मुंबईत चुनाभट्टीच्या विज्ञान भवनात त्यांचं कार्यालय आहे. दिवाळी अंकांसाठी लिहायचं असेल तर संपादकांकडे कथा पावसाळा सुरू होण्याआधीच पोचलेली बरी, गणपतीपर्यंत बहुतेक अंकांची पानं ठरून गेलेली असतात. आणि पाठवण्याआधी विज्ञानकथा कधीच न वाचणाऱ्या एखाद्या माणसाला ती वाचायला द्या. तो जिथे अडखळेल तिथे खूण करा आणि तेवढा भाग पुन्हा लिहा.